आडवं माझं, उभं त्याचं

महाडात अजूनही कोणी ना कोणी मला विचारतंच, "काका, तुम्ही रॉकेटं उडवायचात ना हो?" मी म्हणतो, नाही बाबा, उडवणारे वेगळे. आम्ही उडालेलं बघायचो. समोरच्याचा चेहरा लगेच पडतो. बघायचा पगार? आणि मग हमखास पुढचं वाक्य येतं, "पोलादपूरकडचे ते आहेत ना, ते पण तुमच्याच खात्यातले ना? त्यांचं मोठं काम होतं म्हणे." झालं! सकाळी दूध आणायला हसतखेळत बाहेर पडलेला मी तोंड कडू करून घरी येतो. बायको पिशवी घेता घेता विचारते, "आज पुन्हा कोणी त्यांचं नाव काढलं वाटतं?" तिला नाव काढायला काही वाटत नाही. मला वाटतं. म्हणून इथेही मी ते काढणार नाही.

हेवा वाटतो, हे मी आधीच सांगून टाकतो. उगाच शेवटपर्यंत सज्जनपणाचा आव कोण आणणार? सगळी नोकरी त्याच्या शेजारी काढली आणि सगळी नोकरी माझ्या पोटात दुखलं.

नोकरी होती पूर्व किनाऱ्यावर, चाचणीच्या तळावर. समुद्रकाठच्या वाळूत सिमेंटचा ओटा, ओट्यावर आमचं यंत्र. लांबलचक दुर्बीण आणि तिच्या पाठीला फिल्मचा कॅमेरा. दुर्बिणीच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या, दोन चाकं. कोसभर लांबून काहीतरी धूर सोडत उडायचं आणि आम्ही दोघांनी डोळा भिंगाला लावून त्याच्या मागे मागे जायचं. एकाने चाक फिरवून दुर्बीण डावी-उजवीकडे न्यायची, दुसऱ्याने वर-खाली. आडवं माझं, उभं त्याचं. अशी आणखी यंत्रं किनाऱ्यावर दूर दूर बसवलेली असायची. सगळ्यांच्या फिल्मा एकत्र मांडल्या की उडालेली वस्तू कोणत्या क्षणी कुठे होती, किती वेगात होती, वाटेत डगमगली का, ते मोठ्या साहेबांना कळायचं. कॅमेराही लग्नाकार्यातला नव्हे. पापणी लवेपर्यंत कितीतरी चित्रं काढायचा. सुरू झाला की आत फिल्म घर्रर्र पळायची आणि भरलेला डबा बघता बघता रिकामा व्हायचा. घाईत आधीच बटण दाबलं तर खरी मजा सुरू व्हायच्या वेळी आत नुसता कॅमेरा फिरतोय, फिल्म संपलेली. तसं झालं की साहेब असे बघायचे, जणू आम्ही त्यांच्या घरचं काही विकून खाल्लंय.

आम्ही दोघं एका यंत्रावर आलो ते साहेबांच्या अज्ञानामुळे. साहेब दक्षिणेकडचे. आमचे कागद बघून म्हणाले, "दोघं एकाच गावचे. छान. एकमेकांचं न बोलता कळेल." मी म्हणालो, "साहेब, मी महाडचा, हा पोलादपूरच्या पुढच्या वाडीतला. तालुके वेगळे आहेत." साहेबांना काय त्याचं? तिथून पाहिलं तर महाड काय आणि पोलादपूर काय, दोन्ही डोंगराच्या पलीकडे. तसे आयटीआयला आम्ही बरोबरच होतो, पण तिथे मी त्याच्याकडे फारसं लक्ष दिलं नव्हतं. गप्प बसणारा पोरगा. विचारलं तर "हाय", "नाय", एवढंच. पुढे हाच आपल्या डोळ्यात खुपणार आहे, हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

त्या यंत्राची एक गंमत समजून घ्या, नाहीतर माझी पोटदुखी तुम्हाला नुसती कोती वाटेल. फिल्मवरच्या प्रत्येक चित्रात मधोमध एक बारीक फुली असायची. उडालेली वस्तू त्या फुलीवर बसली पाहिजे. ती डाव्या-उजव्या बाजूला सरकली तर चूक माझी. वर-खाली सरकली तर चूक त्याची. बास. जगातल्या कुठल्याही नोकरीत काही बिघडलं की शेजारच्याकडे बोट दाखवता येतं. आमच्याकडे ती सोय नव्हती. प्रत्येक चित्रात दोघांचा निकाल वेगवेगळा लागायचा, आणि एका उड्डाणात अशी चित्रं ढिगाने.

फिल्म धुऊन झाली की मोजणीच्या खोलीत जायची. तिथे एक बाई होत्या, तिथल्याच, किनाऱ्यावरच्या. मोठ्या भिंगाखाली एकेक चित्र ठेवून फुलीपासून वस्तू किती सरकली ते मोजायचं, हे त्यांचं काम. हिंदी आमच्यासारखीच मोडकी, पण नजर! एकदा चहाच्या वेळी मला म्हणाल्या, "तुमचा हात मी कुठेही ओळखीन. वस्तू उजवीकडून डावीकडे जायला लागली की तुम्ही आधी जरा मागे राहता आणि मग एकदम झटका देऊन गाठता." मी हसलो. हसण्यावारी नेलं, दुसरं काय करणार? मग न राहवून विचारलं, "आणि त्याचा हात?"

"त्यांचा?" बाई म्हणाल्या. "त्यांचा हात दिसतच नाही."

दिसतच नाही! त्या धंद्यात याहून मोठं कौतुक नाही हो. मी दिवसभर जेवलो नाही. त्यात उभ्याचं काम जास्त अवघड, हे सगळ्यांना माहीत. वस्तू सुटते ती सरळ वरच, तीही जीव घेऊन पळाल्यासारखी. सुरुवातीचे ते क्षण म्हणजे उभ्यावाल्याची परीक्षा. मी मात्र सगळ्यांना पटवत फिरायचो की आडवं जास्त अवघड, कारण आमचं वजन. ते खोटंही नव्हतं. खुर्च्या यंत्रालाच जोडलेल्या. मी चाक फिरवलं की दुर्बीण, कॅमेरा, मी आणि तो, सगळी वरात फिरायची. त्याने चाक फिरवलं तर फक्त दुर्बिणीचं तोंड वर व्हायचं. म्हणजे ओझं ओढायचं मी आणि शाबासकी त्याला. हे मी एकदा त्यालाच ऐकवलं. तो म्हणाला, "खरं हाय रे. तुझं जड हाय." वाद तरी घालावा ना माणसाने! त्या 'खरं हाय'ने माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

सुट्टीला आम्ही बरोबर यायचो. दोन गाड्या बदलून महाडजवळच्या वीर स्टेशनात उतरायचो. तिथे त्याला न्यायला वाडीतली माणसं टेम्पो घेऊन हजर. कोणी त्याची बॅग घेतंय, कोणी पाठीवर थाप मारतंय. मी आपला रिक्षावाल्याशी घासाघीस करत उभा. "ये ना रे टेम्पोत, नाक्यावर सोडतो," तो म्हणायचा. मी एकदाही गेलो नाही. रिक्षातून जाताना तो टेम्पो पुढे निघून गेलेला दिसायचा आणि मला वाटायचं, बघा, इथेही मी मागे.

असं चाललं होतं, आणि एक दिवस साहेबांनी सांगितलं की नवं यंत्र येतंय. लांबचं बघणारं, कॅमेरा आणखी वेगवान, आणि चाकं नाहीत. एक दांडा. दांडा वळवला की तेच वर-खाली, तेच डावी-उजवीकडे. मोटारी सगळं ओढणार. आणि खुर्ची एक.

एक! म्हणजे आमच्यातला एक जण त्या खुर्चीवर आणि दुसरा मोजणीच्या खोलीत. सहा महिन्यांनी चाचणी घेऊन ठरवू, असं साहेब म्हणाले. मला ती खुर्ची किती हवी होती, हे आज सांगताना लाज वाटत नाही. लग्न ठरताना नव्हतं एवढं काहूर तेव्हा माझ्या मनात होतं. त्या खुर्चीवर बसलो असतो तर पहिल्यांदाच फिल्मवर एकट्याचा निकाल लागला असता. शेजारी कोणी नाही, कोणाशी तुलना नाही. तो दिसणारच नव्हता मला.

त्या सुट्टीत मी घराच्या गच्चीवर तयारी केली. जुन्या सायकलच्या हँडलला एक प्लॅस्टिकचा पाइप बांधला आणि नदीवर फिरणाऱ्या घारी त्यातून धरायला लागलो. घार वळली की पाइप वळवायचा, उतरली की उतरवायचा. बायको खालून ओरडायची, "अहो, शेजारचे विचारतायत यांना उन्हाचं काही झालंय का!" झालं तर झालं. मधेच एकदा काहीतरी निमित्त काढून पोलादपूरला गेलो, तो काय करतोय ते बघायला. तो शेताचा बांध घालत होता, गुडघाभर चिखलात. "तयारी?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं. "कसली रे?" तो म्हणाला. मला इतका आनंद झाला की त्याच्या आईने वाढलेली भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी मी मागून मागून खाल्ली. परत येताना एसटीत गाणं गुणगुणत होतो. खुर्ची माझीच!

चाचणीचा दिवस उजाडला. एक विमान येणार, समुद्रावरून आडवं जाणार, मग नाक वर करून चढणार. आधी माझी पाळी, मग त्याची. मी बसलो. दांडा हातात घेतला, भिंगाला डोळा लावला. विमान आलं. काय सांगू, असं माझ्या हातून आयुष्यात झालं नव्हतं! फुलीवर विमान असं बसलं होतं, जणू कोणी खिळ्याने ठोकलंय. माझा तो मागे राहण्याचा दोष, तो झटका, काहीच नाही. मनात म्हटलं, आता मोजा बाई, बघू दिसतोय का हात!

मग विमानाने नाक वर केलं. आणि मी थांबलो.

मी घाबरलो नाही, विसरलो नाही, हात घामेजला नाही. मी नुसता थांबलो. विमान वर चाललंय हे मला स्पष्ट दिसत होतं. पण इतकी वर्षं वर चाललेली प्रत्येक गोष्ट त्याने धरली होती. वर गेली की ती त्याची, हे माझ्या हाडात मुरलं होतं. मी त्याची वाट बघत होतो. आत्ता दुर्बीण उचलेल, आत्ता उचलेल. आणि विमान फुलीच्या बरोबर वर, आणखी वर, आणखी वर असं जात चौकटीतून निघून गेलं. समोर नुसतं निळं आकाश, आणि मागे कॅमेरा घर्रर्र करत त्या आकाशाची चित्रं काढतोय.

ती फिल्म नंतर सगळ्यांना दाखवली. आडव्यात चूक शून्य. असं काही साहेबांनी कधी पाहिलं नव्हतं. "एवढं सरळ वर कसं जाऊ दिलंत?" ते विचारत राहिले. काय सांगणार? मी याची वाट बघत होतो, असं सांगू? 

त्याने विमान धरलं. आडवं धरलं, चढताना धरलं, ढगात शिरेपर्यंत सोडलं नाही. खुर्ची त्याला मिळाली आणि मी मोजणीच्या खोलीत बाईंच्या शेजारी गेलो.

आता मजा बघा. दैव कसं नाकावर टिच्चून वागतं! माझं काम काय, तर त्याच्या फिल्मा मोजायच्या. रोज भिंगाखाली त्याचाच हात. मी म्हटलं, ठीक आहे. आता तुझी चूक मीच काढतो. बाईंची नजर मायेची असेल, माझी नाही. एकेक चित्र मी असं मोजायचो, जसं सासू सुनेची भांडी तपासते. उभ्यात काही सापडेना. वर्ष गेलं, दुसरं गेलं. उभ्याचा नाद सोडला आणि आडव्याच्या मागे लागलो. तिथे त्याला सराव कुठला? तिथे तो उघडा पडणारच.

आणि पडला! एका उड्डाणात वस्तू उजवीकडून डावीकडे चालली होती. चित्रामागून चित्रं तो किंचित मागे राहिला, आणि मग एकदम गाठलं. मी जुन्या फिल्मा काढल्या. तिथेही तेच. प्रत्येक वेळी, उजवीकडून डावीकडे जाताना, नेमकं तेच. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! आकडे घेतले आणि साहेबांकडे निघालो. दारात बाई भेटल्या. म्हटलं, आधी यांना दाखवू, यांनीच म्हटलं होतं ना हात दिसत नाही.

बाईंनी भिंगाला डोळा लावला. थोडी फिल्म पुढे सरकवली. मग डोळा न काढताच म्हणाल्या, "ही जुनी फिल्म आज कशाला काढलीत? हा तर तुमचा हात."

मी साहेबांकडे गेलो नाही. जाऊन सांगणार काय? तो माझी चूक करतोय, हे?

बरं, तेव्हा वाटलं काय, तेही सांगतो. गहिवरबिहिवर काही आला नाही. मी चिडलो. माझ्याकडे होतं काय, तर एक वाकडा हात. तोही याने घेतला आणि त्याच्या जिवावर खुर्चीत बसला! मी मात्र त्याच्यासारखं वर बघायला कधी शिकलोच नाही. त्याला काही विचारायला गेलो नाही. पुढे फिल्मच बंद झाली, सगळं पडद्यावर दिसायला लागलं, आम्ही दोघं निवृत्त झालो. तो पोलादपूरला, मी महाडला. मधे पक्का हायवे आहे, तरी भेटणं क्वचितच.

गेल्या हिवाळ्यात बायकोच्या माहेरचं एक लग्न होतं, पोलादपूरला. जेवून मी एसटी स्टँडवर आलो, बायको मागे राहिली. स्टँडसमोरच्या हॉटेलात तो बसलेला. आता टाळणार कसं? बसलो. चहा सांगितला. इकडचं तिकडचं झालं आणि तो म्हणाला, "अरे, शाळेतनं बोलावणं आलंय मला. पोरांना सांगा म्हणं, रॉकेटचं कसं काय ते. मी बोललो, महाडला एक हाय, त्याला बोलवा. त्याला बोलता येतं. मला कुठं?"

बस्स. एवढ्यानेच माझं टाळकं सरकलं. इतक्या वर्षांचं सगळं वर आलं. "उपकार करू नकोस माझ्यावर!" मी म्हणालो. "माझा हात चोरलास, माझी खुर्ची घेतलीस, आता उरलेलं भाषण मला देतोस होय?" शेजारच्या बाकावरचे दोघं वळून बघायला लागले.

तो रागावला नाही. बशीत सांडलेला चहा त्याने परत कपात ओतला. "चोरला नाय रे," तो म्हणाला. "तू चाक फिरवायचास तवा माझी पण खुर्ची फिरायची ना? तू मागं राहिलास का माझ्या कमरेला कळायचं. झटका दिलास का माझी मान हलायची. इतकी वर्षं. ते कमरेत बसलं, मी काय करू? अजून घाटात एसटी वळली का वाटतं, हाच फिरवतोय."

 हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. तो माझ्या हातावर बसून फिरला होता. माझं आडवं त्याच्या अंगाला रोज कळत होतं, आणि त्याचं उभं माझ्या अंगाला कधी लागलंच नव्हतं. दुर्बीण तेवढी वर जायची, मी होतो तिथेच. म्हणजे मीच त्याला शिकवलं, ओझं ओढून ओढून. आणि मला शिकायची सोयच नव्हती.

"मग मला तुझं उभं कळणार कसं होतं?" मी विचारलं.

"नायच कळणार."

तेव्हा मी त्याला सांगितलं. आयुष्यात कोणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. म्हणालो, "त्या दिवशी विमान सुटलं ते कसं, माहीत आहे? मी तुझी वाट बघत होतो."

"माहीत हाय," तो म्हणाला. "मी मागंच उभा होतो. विमान चढाय लागलं तसा माझा हात आपोआप फिराय लागला. हवेतच. चाक नाय, काय नाय. साहेबांनी मनगट धरलं माझं. मी बोललो, साहेब, दोघांना बसवा ना. ते हसले. बोलले, खुर्ची एक हाय."

"मग?"

"मग माझा नंबर आला. बसलो. विमान आडवं पळाय लागलं, आणि मला पण वाटलं, थांबावं. आडवं तुझं ना रे. हात उचलेना." त्याने कप खाली ठेवला. "पण तुझं काय झालं ते मी बघितलं होतं. थांबलो असतो तर माझं पण गेलं असतं. मग नाय थांबलो. मला पण हवी होती ती खुर्ची. लय हवी होती."

त्याला काही हवं असतं, हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो.  महाडची एसटी लागली. मी चहाचे पैसे द्यायला गेलो तर त्याने माझा हात धरून खाली केला आणि स्वतः दिले. मी देऊ दिले.

रात्री बायको लग्नाहून आली तेव्हा तिला सगळं सांगितलं. अगदी वाट बघण्याचंही. तिने लग्नातली साडी घडी करून ठेवली. मग म्हणाली, "म्हणजे आता तरी तुमची पोटदुखी गेली म्हणायची?"

"छे," मी म्हणालो. "थांबायचं का नाही, हे माझं बघून त्याला ठरवायला मिळालं. मला तेवढंही नाही मिळालं."